चौघांचा विश्वास

हे पुस्तक हातात घेणारा माणूस बहुधा स्वतः आजारी नसेल. आजारी त्याची आई असेल, नवरा असेल, नाहीतर पोटचे मूल. तो ससूनच्या वॉर्डाबाहेर चादर अंथरून बसलेला असेल, नगरच्या एखाद्या दवाखान्यात रिपोर्टची वाट बघत असेल, किंवा डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ म्हटल्यावर शिरूरच्या आपल्या घरात खाटेशेजारी रात्र काढत असेल. रोग्याने म्हणायच्या प्रार्थना आपल्याकडे पुष्कळ आहेत. रोग्याच्या उशाशी बसणाऱ्यासाठी त्या मानाने थोडेच लिहिले गेले आहे. त्याला सगळे धीराचा समजतात आणि सगळे त्याच्यावरच टाकतात. रोग्यासमोर त्याला रडता येत नाही. मंडळीसमोर मनातली शंका बोलता येत नाही. देवाजवळ नेमके काय मागावे, हेही कित्येकदा सुचत नाही. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतल्या ख्रिस्ती घरांसाठी वचने, प्रार्थना आणि सेवेच्या चार गोष्टी एकत्र करताना आमच्या डोळ्यांसमोर हाच माणूस होता.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातली गोष्ट आपल्या लेकरांना रविवारच्या शाळेतच कळते. कफर्णहुमात येशू एका घरी आहे आणि दारात पाय ठेवायला जागा नाही. चौघे जण एका पक्षाघाती माणसाला खाटेवर घालून घेऊन येतात. वाट मिळत नाही म्हणून ते छपरावर चढतात, छप्पर उकरतात आणि खाट खाली सोडतात. आपल्याकडची जुनी धाब्याची घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल. माती कशी पडली असेल, घरमालक कसा ओरडला असेल, तेही दिसेल. पण या गोष्टीतली सर्वांत मोठी गोष्ट अर्ध्या ओळीत आहे आणि ती वाचताना आपण तिच्यावरून पुढे जातो. येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असे मार्क सांगतो. त्यांचा म्हणजे खाट उचलून आणणाऱ्यांचा. पडून असलेल्या माणसाचा विश्वास किती होता, होता की नव्हता, याविषयी मार्क वेगळे काहीच सांगत नाही. तो बेशुद्ध असेल, कंटाळलेला असेल, देवावर रागावलेलाही असेल. खाट मात्र खाली पोहोचली.

आपल्या भागात चौघांचे खांदे लागतात ते माणूस गेल्यावर. जिवंतपणी चार खांदे मिळणे हे भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पंडिता रमाबाईंच्या वाट्याला ते आले नव्हते, आणि दौंड तालुक्यात या विषयावर बोलायचे तर रमाबाईंपासूनच सुरुवात केली पाहिजे. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव लागते. तिथे त्यांनी उभे केलेले मुक्ती मिशन आजही चालू आहे. रमाबाई म्हटले की आपल्याला त्यांची विद्वत्ता आठवते, विधवांसाठीचे काम आठवते, धर्मांतरावरून उठलेले वादळ आठवते. आपली माणसे एकामागून एक जाताना त्यांनी काय पाहिले, हे फारसे आठवत नाही.

१८७४च्या दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण गेली. पुराणे सांगत तीर्थे फिरणारे हे विद्वान कुटुंब अन्नाअन्नाला महाग झाले होते. व्रते केली होती, उपास केले होते, जवळचे सगळे दानात दिले होते. आई गेली तेव्हा प्रेत उचलायला माणसे मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली. ते दोघे आणि भाऊ श्रीनिवास मिळून तिघे झाले. चौथी रमाबाई. उंची कमी असल्यामुळे त्यांचा खांदा लागेना, म्हणून तो भार त्यांनी डोक्यावर घेतला आणि लांबचे स्मशान गाठले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तेव्हा त्या पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. पुढे १८८० मध्ये बंगालात भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी लग्न केले आणि १८८२च्या फेब्रुवारीत पटकीने नवराही गेला. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. आठ वर्षांत आई, बाप, बहीण, भाऊ आणि नवरा गेलेली ही बाई पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेते. तिच्या विश्वासाचा विचार करताना हा हिशेब विसरून चालणार नाही.

मला वाटते, देवाशी सौदा करून काय होते हे रमाबाईंना लहान वयातच पुरते कळले होते. इतके उपास केले तर इतके मिळेल, एवढे दिले तर एवढे परत येईल, या हिशेबावर त्यांचे अख्खे घर उभे होते आणि ते डोळ्यांदेखत कोसळले. नव्या श्रद्धेत येताना तोच हिशेब त्यांनी येशूच्या नावाने पुन्हा मांडला नाही. आपण मात्र तो सर्रास मांडतो. आईला बरे कर, मी दर रविवारी उपासनेला येईन. मुलाचे ऑपरेशन नीट होऊ दे, दशमांश चुकवणार नाही. संकटातल्या माणसाच्या तोंडून असे शब्द निघणारच आणि देव ते समजून घेतो, याबद्दल मला शंका नाही. धोका पुढे असतो. आई बरी झाली नाही तर सौदा करणाऱ्याला दोनच अर्थ दिसतात. एक तर देवाने फसवले, नाहीतर मी कमी दिले. दोन्ही अर्थ माणसाला आतून पोखरतात.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा रमाबाईंनी मुलींना केडगावच्या माळावर हलवले. पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात रोग्यांची, विशेषतः बायकांची, जी आबाळ होत होती तिच्याविरुद्ध त्यांनी त्याच वर्षी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघडपणे लिहिले. सरकारला ते झोंबले. प्रार्थना करणारी बाई इस्पितळाचा कारभारही तपासते, हे आपल्या मंडळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. रोग्याला नीट वागवले नाही तर विचारणे, फाइल मागणे, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे यात अविश्वास नाही. तेही खाट वाहणेच आहे.

मुक्तीत आंधळ्या बायकांसाठी त्यांनी बार्तीमी सदन काढले, म्हाताऱ्या-दुबळ्यांसाठी प्रीती सदन काढले. जिला आईच्या वेळी चौथा खांदा मिळाला नाही तिने असे घर बांधले की तिथली एकही आजारी बाई एकटी राहू नये. केडगावच्या १९०५च्या जागृतीविषयी खूप लिहिले गेले आहे आणि त्या काळच्या प्रार्थनांची कीर्ती जगभर गेली. मला त्या जागृतीइतकीच ही सदने महत्त्वाची वाटतात. रात्री उठून म्हातारीचे अंथरूण बदलणारा हात ही प्रार्थनाच आहे, आणि ती रोज करावी लागते.

मग मनोरमेचे आजारपण आले. मनोरमाबाई अमेरिकेत शिकल्या, परत येऊन त्यांनी आईच्या कामात जन्म घातला, मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या आणि गुलबर्ग्याची शाळा त्यांनी सांभाळली. मुक्तीचा कारभार पुढे त्यांच्याच हाती जाणार हे ठरलेले होते. प्रकृती मात्र साथ देईना. जुलै १९२१ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्या गेल्या. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, थकलेल्या होत्या, कानांनी फार कमी ऐकू येत होते. मुक्तीत प्रार्थना करणाऱ्यांची कमी नव्हती. शेकडो बायका-मुली आपल्या मनोरमाताईंसाठी देवाला विनवीत असणार. हातपाय हलवण्यात कसर राहिली नव्हती, श्रद्धेत कसर असण्याचा तर प्रश्नच नव्हता. तरी लेक गेली.

या जागी थांबून मी वाचकाला एक गोष्ट स्पष्ट सांगू इच्छितो. कोणी तुमच्या घरी येऊन ‘विश्वास कमी पडला म्हणून गुण येत नाही’ असे म्हणाले, तर त्याला केडगावची ही गोष्ट सांगा. रमाबाईंपेक्षा अधिक विश्वास आपल्याजवळ आहे, असे छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस या दोन तालुक्यांत मला तरी ठाऊक नाही. आजाऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या पापांची चौकशी करणे, गुप्त अपराध शोधणे, घरावर शाप आहे का म्हणून विचारणे हा दुष्टपणा आहे, मग तो कितीही गोड आवाजात आणि हातात पवित्र शास्त्र धरून केलेला असो. ईयोबाचे तीन मित्र हेच करीत होते आणि देवाने शेवटी त्यांनाच झिडकारले.

शास्त्र उघडून बघा. ज्या पौलाच्या हातून रोगी बरे झाले, तोच पौल आपल्या सोबतीच्या त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून पुढे गेल्याचे दुसऱ्या तीमथ्यात लिहितो. का बरा झाला नाही, याचे स्पष्टीकरण देत नाही. तरुण तीमथ्याच्या पोटाची तक्रार वारंवार उठत असे. त्याला पौल थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, म्हणजे त्या काळचे घरगुती औषध सांगतो. एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला आणि पौलाने ती देवाची दया मानली. स्वतः पौलाच्या शरीरात एक काटा होता. त्याने तीनदा विनवणी केली आणि तो काढला गेला नाही. एकाच माणसाच्या पत्रांत बरे झालेले, अर्धे बरे झालेले आणि न झालेले असे सगळे आहेत. पहिल्या मंडळीला यात काही विसंगत वाटले नाही.

औषधाबद्दल तर आपल्या लोकांच्या मनात संकोच असण्याचे कारणच नाही. तिसरे शुभवर्तमान ज्याच्या नावावर आहे त्या लूकला पौल प्रिय वैद्य म्हणतो. हिज्कीया राजा मरणास टेकला, त्याने भिंतीकडे तोंड करून प्रार्थना केली आणि देवाने त्याला पंधरा वर्षे दिली. पण त्याच प्रसंगात यशयाने गळवावर अंजिराचे पोटीस बांधायला सांगितले. खुद्द रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने. ऐकू कमी येत असल्यामुळे ते जमले नाही. १८९४ मध्ये मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी इस्पितळ उभे केले आणि लांबलांबचे रोगी तिथे जाऊ लागले. शिरूरकरांना जवळचे नगरचे बूथ हॉस्पिटल. अमेरिकन मराठी मिशनने ते बांधले, १९३९ पासून ते साल्व्हेशन आर्मीकडे आहे, आणि २०२० मध्ये कोरोनाची भीती शिगेला पोहोचली असताना तिथल्या परिचारिका रोग्यांच्या खाटांजवळ उभ्या होत्या. त्याही आधी नगरच्या प्लेगच्या छावणीत लक्ष्मीबाई टिळकांनी रोग्यांची सेवा केली होती. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने श्रद्धा आणि दवाखाना अशी दोन वेगळी दारे कधी मानलीच नाहीत.

म्हणून गेल्या काही वर्षांत मंडपात भरणाऱ्या ‘रोगमुक्ती’च्या सभांबद्दल लिहिणे मला भाग आहे. तिथे सगळे वाईटच असते असे मी म्हणत नाही. एखाद्या खचलेल्या बाईला तिथे पहिल्यांदा कोणी तरी नावाने हाक मारते, डोक्यावर हात ठेवते. पण ‘आजपासून इन्सुलिन बंद’, ‘केमो म्हणजे अविश्वास’ असे व्यासपीठावरून कोणी बोलत असेल तर तिथून उठून घरी या. आजारी माणसावर मंडळीच्या वडिलांनी तेल लावून प्रार्थना करावी असे याकोब सांगतो. औषध सोडावे असे तो कुठेही सांगत नाही. मधुमेह, कर्करोग अशा आजारांवर चमत्कारी इलाजाची जाहिरात करायला १९५४च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणे गुन्हा ठरवतो. हे कायदे सर्व धर्मांच्या लोकांना सारखेच लागू आहेत. आपल्या पाळकांनी ते मंडळीला वाचून दाखवले तर उत्तम.

एक नाजूक बाब राहते. आपल्या घरांमध्ये सोयरे-धायरे सगळेच ख्रिस्ती नसतात. आजारपणात आत्या अंगारा घेऊन येते, मावशी देवीला नवस बोलते, शेजारचे वारकरी आजोबा पालखीला जाताना तुमच्या आईसाठी पांडुरंगाला सांगतो म्हणतात. तुकोबांची पालखी याच दौंड तालुक्यातून, यवत-वरवंडवरून जाते. अशा वेळी घरात वाद उभा करून रोग्याला त्यात ओढणारे काही उत्साही लोक मी पाहिले आहेत. आत्याला पाट द्या, चहा द्या, तिच्या प्रेमाचा मान राखा आणि आपण ज्याला प्रभू मानतो त्याच्याजवळ मागत राहा. रोग्याच्या खाटेजवळ धर्माची कुस्ती नको.

आता बरे न होणाऱ्या आजाराबद्दल. इथे मंडळी सर्वांत जास्त गोंधळते. चमत्काराची प्रार्थना चालू ठेवायची की निरोपाची तयारी करायची? मी म्हणेन, दोन्ही करावे. दाविदाचे मूल आजारी होते तोवर तो जमिनीवर पडून उपास करीत राहिला, शेवटपर्यंत मागत राहिला. मूल गेले तेव्हा तो उठला, अंघोळ केली, देवाच्या घरात गेला आणि जेवला. मागताना त्याने हातचे राखले नाही आणि उत्तर आल्यावर नाकारलेही नाही. या दोहोंच्या मधल्या काळात वेदना कमी करणे हे मोठे काम असते आणि ते शास्त्रशुद्ध रीतीने करता येते. लंडनमध्ये १९६७ साली सिसिली साँडर्स या श्रद्धाळू ख्रिस्ती डॉक्टरबाईंनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले आणि मरणाऱ्या माणसाच्या दुखण्याकडे बघण्याची वैद्यकाची दृष्टीच बदलली. आपल्याला तर इतक्या दूरही बघायला नको. पुण्यात वारज्याला सिप्लाचे उपशामक सेवा केंद्र १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांची आणि त्यांच्या घरच्यांची विनामूल्य काळजी घेते. ‘आता काही करण्यासारखे नाही’ हे वाक्य ऐकल्यावर करण्यासारखे बरेच काही उरलेले असते.

आणि रडावे. बेथानीत लाजर आजारी पडला तेव्हा बहिणींनी निरोप पाठवला. येशू दोन दिवस थांबून मग निघाला. तो आला तेव्हा भाऊ कबरेत होता. तू इथे असतास तर, असे मार्था त्याला तोंडावर म्हणाली, मरीयाही तेच म्हणाली. येशूने दोघींपैकी कोणालाही गप्प केले नाही. तो स्वतः रडला. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, शेवटी उजेडाची एक ओळही नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे, उपासनेत म्हणायचे स्तोत्र आहे. तुमच्या तोंडून तक्रारीखेरीज काही निघत नसेल तर तीच तक्रार प्रार्थना म्हणून म्हणा. तीही निघत नसेल तर गप्प बसा. तुमच्या वतीने दुसरे कोणी म्हणेल. कफर्णहूमच्या त्या माणसाने तरी स्वतः काय म्हटले होते?

म्हणून या पुस्तकात एक अपेक्षा मंडळीकडून आहे. ‘प्रार्थनेत ठेवतो’ म्हणून मोकळे होऊ नका. घरगुती प्रार्थनेला जमलेल्यांपैकी एकाने रेशनकार्ड आणि आधारकार्ड गोळा करावे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आजार बसतो का ते बघावे. पुण्याच्या धर्मादाय रुग्णालयांमध्ये दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणे बंधनकारक आहे. हे कित्येक घरांना बिल हातात आल्यावर कळते. दुसऱ्याने डबा न्यावा. तिसऱ्याने एक रात्र वॉर्डात झोपावे, म्हणजे उशाशी बसलेली बाई घरी जाऊन अंघोळ करून थोडी आडवी होईल. चौथ्याने मुलांची शाळा आणि गोठ्यातली जनावरे बघावीत. पाळकांनी येऊन वचन वाचावे, प्रभुभोजन द्यावे, कॅथलिक घरी फादरांनी आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार करावा. हे सगळे मिळून विश्वास होतो. एकट्याने खाट उचलत नाही.

रमाबाईंकडे पुन्हा एकदा येतो, कारण मनोरमा गेल्यानंतर त्यांनी काय केले हे सांगायचे राहिले. खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत सगळे पवित्र शास्त्र आणायचे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या, आणि कित्येक वर्षे ते भाषांतर चालू होते. केडगावच्या छापखान्यात मुक्तीतल्या बायकाच खिळे जुळवीत. लेकीच्या मृत्यूनंतर त्या पुन्हा मुद्रितांकडे वळल्या. तपासायची पाने संपवली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. संपूर्ण शास्त्र १९२४ मध्ये छापून निघाले. त्या नऊ महिन्यांत त्यांच्या मनात काय चालले असेल ते मला सांगता येणार नाही. ईयोब तपासताना, विलापगीत तपासताना त्या कुठे थांबल्या असतील, कुणास ठाऊक. पण मुलगी गेल्यावरही देवाच्या शब्दांशी त्यांचे बोलणे तुटले नाही, हे त्या छापील पानांवरून दिसते.

या पुस्तकातली वचने सकाळ, दुपार आणि जागरणाची रात्र अशी लावली आहेत, कारण दवाखान्यात दिवस तसाच कापला जातो. प्रार्थना आखूड ठेवल्या आहेत. नर्सबाई येईपर्यंत संपतील एवढ्याच. शेवटची पाने मुद्दाम कोरी आहेत. त्यावर औषधांच्या वेळा, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, रक्त देऊ शकणाऱ्यांचे फोन लिहून ठेवा. ही पाने प्रार्थनेच्या पानांपेक्षा कमी पवित्र आहेत असे मानू नका. आणि तुमच्या घरी आज कोणी आजारी नसेल, तर पुढची पाने वाचण्याआधी आपल्या मंडळीत कोणाच्या घरी आजारपण आहे ते पाळकांना विचारा आणि आज संध्याकाळी त्या घरी जाऊन या.